घाटावरून खाली येताय? टोस्टर घेण्याआधी थोडं ऐका

दापोली-गुहागरकडे राहायला येणारे नेहमी विचारतात, आमचा टोस्टर सोबत आणू की तिकडेच नवा घेऊ? आम्ही साताऱ्याहून येऊन इथलेच झालो, मुलांचे डबे याच हवेत भरले, म्हणून मनापासून सांगते: बटणं किती आणि रंग कोणता हे मागाहून बघा. आधी घरात पाव कोणता येतो, वारा कुठून येतो आणि वीज कशी येते ते बघा.

गावातल्या बेकरीत लादीपाव मिळतो. तो पॉप-अप टोस्टरच्या खाचेत जात नाही. मधून कापून, लोणी लावून तव्यावरच भाजावा, चवही त्याचीच खरी. तुमच्याकडे स्लाइस ब्रेड आठवड्यातून एखादवेळीच येणार असेल, तर टोस्टर घेऊच नका. काही दिवसांत घावणे-आंबोळ्यांची सवय लागते, तव्याला सुट्टी नसते.

रोज ब्रेड लागतोच, तर खाऱ्या वाऱ्याचा विचार करा. क्रोमचा मुलामा दिलेली चकचकीत बॉडी दुकानात मन ओढून घेते, पण समुद्राजवळच्या घरात कडांपासून गंज धरतो. मी जाड प्लॅस्टिकच्या बॉडीचाच घ्यायला सांगते. खरा घात मात्र आत होतो. खाचेतून डोकावलंत तर ब्रेडची जाळी ज्या बारीक सळ्यांवर वर-खाली सरकते त्या दिसतील. त्यांना गंज चढला की जाळी मध्येच अडकते आणि ब्रेड आत राहून करपतो. दुकानदाराला डबा उघडायला लावा, टोस्टर उलटा करून तळाचे स्क्रू बघा. दुकानातच ते तांबूस दिसले तर दुसरा नग मागा. खालचा चुऱ्याचा ट्रे सहज निघतो ना, तेही बघा. पावसाळ्यात चुरा राहिला की मुंग्या आणि झुरळं आत घर करतात.

मग तिथेच प्लग लावायला सांगा. बहुतेक टोस्टरमध्ये खटका विद्युतचुंबकाने धरला जातो, म्हणजे वीज नसताना दांडी खाली टिकत नाही. प्लग न लावता तपासण्यात अर्थ नाही. आतल्या नायक्रोमच्या तारा दोन्ही बाजूंनी सारख्या लाल होतात का, ते निरखा. एखादा पट्टा काळाच राहिला तर ब्रेडही तिथे पांढराच राहणार.

आता विजेचं. पुरवठा 230 व्होल्टचा असायला हवा, पण लाइनच्या टोकाच्या वाडीत संध्याकाळी तो खाली येतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: 180 व्होल्टवर 800 वॉटचा टोस्टर जेमतेम 490 वॉट देतो. टायमर मात्र आपला वेळ संपवून मोकळा होतो. ब्रेड भाजत नाही, नुसता वाळतो. म्हणून 600 वॉटचा लहान टोस्टर इथं घेऊ नका, 800च्या आसपासचा घ्या. तो साधारण साडेतीन अँपिअर घेतो, 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. 1500 वॉटचा ओव्हन घेणार असाल तर 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट हवाच. पावसात लाइट गेली की टोस्टर घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. ती बॅटरी दिव्या-पंख्यांसाठी राहू द्या.

अर्थिंगबद्दल मी हट्टच धरते. कातळावरच्या घरांत जांभा, म्हणजे इथला तांबडा दगड, उन्हाळ्यात कोरडा ठाक पडतो आणि अर्थिंग कमकुवत होतं. वायरमनकडून ते तपासून घ्या, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा, बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. प्लग तीन पिनांचा आणि उपकरणावर आयएसआय शिक्का हवा. अडकलेला ब्रेड काढताना आधी प्लग काढा. सुरी-चमचा आत घालणं जिवावर बेतू शकतं.

रोज तापणारा टोस्टर आतून कोरडा राहतो, म्हणून तो वापरात ठेवा. पावसाळाभर बंद राहिला असेल तर आधी उन्हात ठेवा, मग एकदा रिकामा चालवा. गरम असताना झाकू नका.

आणि होमस्टे काढणार असाल तर चार खाचांचा एक घेण्यापेक्षा दोन खाचांचे दोन घ्या. एक बिघडला आणि दुरुस्तीला चिपळूण किंवा रत्नागिरीला न्यावा लागला, तरी पाहुण्यांचा नाश्ता अडत नाही.