घरी जुळवलेला गेमिंग पीसी सारखा क्रॅश होतोय? नवीन पार्ट घ्यायच्या आधी हे करून बघा

स्वतः पार्ट निवडून, स्वतःच्या हाताने जुळवलेला पीसी गेमच्या ऐन मधे बंद पडायला लागला की जीव नुसता खालीवर होतो. अशा वेळी बहुतेक जण काय करतात तर थेट विंडोज परत टाकतात, नाहीतर ग्राफिक्स कार्डावर खापर फोडून नवीन कार्ड शोधायला लागतात, आणि दोन्ही घाईचं आहे. पीसी नेमका कसा आणि कधी बंद पडतो ते आधी नीट बघा, मोबाईलमधे नोंद ठेवा, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, ड्रायव्हर, बायॉस (मदरबोर्डच्या सेटिंगचा प्रोग्राम) असं सगळं एकदम बदललं आणि क्रॅश थांबला तर थांबला कशाने हे कधीच कळत नाही, आणि महिन्याभराने तो परत आला की तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

क्रॅशचा प्रकार ओळखा

खेळता खेळता पंखे, लाइट सगळं एका क्षणात बंद, कोणी प्लग ओढल्यासारखं, असं होत असेल तर पहिला संशय पॉवर सप्लायवर म्हणजे एसएमपीएसवर, आणि दुसरा उष्णतेवर, कारण सीपीयू धोक्याच्या तापमानाला गेला की स्वतःला वाचवायला पीसी बंद करतो. एसएमपीएसचं प्रोटेक्शन लागलं असेल तर बऱ्याचदा मागचा स्विच बंद करून थोडं थांबल्याशिवाय पीसी परत चालूच होत नाही, ही खूण लक्षात ठेवा.

स्क्रीन काळी झाली पण आवाज येत राहिला, कार्डाचे पंखे एकदम जोरात फिरायला लागले, तर ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा त्याची पॉवर केबल. निळी स्क्रीन आली (विंडोज ११ मधे २०२५ पासून ती काळी केलीय, पण तिच्यावर कोड लिहिलेला असतो) तर रॅम, सीपीयू किंवा ड्रायव्हर, आणि इथे एक गोष्ट फार कामाची आहे, दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर रॅमकडे बघा, दर वेळी तोच कोड आणि तीच ड्रायव्हर फाइल असेल तर त्या ड्रायव्हरकडे. फक्त गेम बंद होऊन तुम्ही डेस्कटॉपवर येत असाल आणि तेही एकाच गेममधे, तर आधी त्या गेमच्या फाइल्स व्हेरिफाय करा, हार्डवेअरला हात नका लावू.

क्रॅश कधी होतो हेही तितकंच महत्त्वाचं. जड गेममधे अर्ध्या तासाने होतो म्हणजे उष्णता असू शकते, लोड यायच्या क्षणीच होतो म्हणजे पॉवर, आणि गेममधे तासन्‌तास ठणठणीत पण नुसता डेस्कटॉपवर पडून असताना रीस्टार्ट होतो, तर व्होल्टेज कमी करायच्या नादात केलेलं अंडरव्होल्ट बघा. एएमडीच्या रायझन सीपीयूवर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) जास्त खाली खेचला की नेमकं असंच होतं, कारण हलक्या कामात एखादा कोर सगळ्यात वरच्या क्लॉकला जातो आणि तिथे त्याला व्होल्टेज पुरत नाही.

विंडोजने काय लिहून ठेवलंय ते वाचा

निळी स्क्रीन वाचायच्या आधीच पीसी रीस्टार्ट होत असेल तर सिस्टीम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा. मग स्टार्टमधे रिलायबिलिटी हिस्टरी शोधा, तिथे कोणत्या दिवशी काय पडलं याचा तक्ता मिळतो, आणि बऱ्याचदा लक्षात येतं की क्रॅश एखादा अपडेट आल्यापासूनच सुरू झालेत.

त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअरमधे विंडोज लॉग्ज, सिस्टीम. इथे जवळजवळ प्रत्येकाला कर्नल-पॉवर ४१ दिसतो आणि नावात पॉवर आहे म्हणून लोक लगेच एसएमपीएस बदलतात. ४१ चा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला, का झाला ते त्यात नाही. पण ती नोंद उघडून डीटेल्समधे बगचेककोड बघा. तो शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज गेली किंवा पीसी पूर्ण गोठला. शून्य नसेल तर तो निळ्या स्क्रीनचाच कोड आहे, फक्त दशमान आकड्यात लिहिलेला. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं, २९२ म्हणजे हार्डवेअरनेच चूक कळवली.

डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी दिसल्या तर थांबा आणि नीट वाचा, कारण ही तक्रार थेट हार्डवेअरकडून आलेली असते. १८ नंबरची नोंद सीपीयूकडून येते, तिच्यात एपिक आयडी (कोणत्या कोरची तक्रार आहे त्याचा नंबर) असतो, आणि दर वेळी तोच आयडी येत असेल तर तोच एक कोर कमजोर पडतोय. १७ नंबरची बहुतेक वेळा पीसीआयई लाइनवरची (कार्ड आणि एसएसडी बोर्डाला जोडणारी) असते, म्हणजे रायझर केबल (कार्ड उभं लावायला वापरतात ती), स्लॉट नाहीतर एनव्हीएमई एसएसडी. मिनीडंप फाइल्स (क्रॅशच्या वेळी विंडोज जपून ठेवतं ती माहिती) ब्लूस्क्रीनव्ह्यू या टूलमधे उघडल्यात आणि एनटीओएसकर्नल दोषी दिसला तर त्याच्या मागे लागू नका, तो विंडोजचा गाभा आहे, क्रॅश त्याच्यापर्यंत येऊन आदळतो एवढंच.

सगळं स्टॉकवर म्हणजे मूळ सेटिंगवर आणा, आणि सुरुवात एक्सएमपीपासून

माझं ठाम मत आहे की ही पायरी कोणीच टाळू नये. बायॉसमधे जाऊन ऑप्टिमाइझ्ड डीफॉल्ट्स लोड करा (आधीच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा, आणि बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची रिकव्हरी कीसुद्धा), ग्राफिक्स कार्डाचं ओव्हरक्लॉक काढा, अंडरव्होल्ट काढा, आणि इंटेलचं एक्सएमपी किंवा एएमडीचं एक्सपो (रॅम तिच्यावर लिहिलेल्या जास्तीच्या वेगाला चालवणारी तयार सेटिंग) बंद करा. रॅमच्या डब्यावर ६००० लिहिलंय म्हणजे ती ६००० ला चालणारच असं नाही, तो आकडा ओव्हरक्लॉकचा आहे. एक्सपो बंद केलं की तीच डीडीआर५ रॅम ४८०० किंवा त्याच्या आसपास चालते, आणि ३६०० ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २६६६ वर येते. गेम थोडे मंद होतील, होऊ देत, दोन-तीन दिवस तसंच खेळा.

क्रॅश थांबले तर मोठं काम झालं, पण रॅम खराब आहे असं लगेच म्हणू नका. सीपीयूमधल्या मेमरी कंट्रोलरला तो वेग झेपत नसेल, किंवा रॅमच्या काड्या चुकीच्या स्लॉटमधे असतील. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन काड्या असतील तर त्या सहसा सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे लागतात, मॅन्युअलमधे चित्र असतं, बघून घ्या. चार काड्या लावल्या असतील तर दोन काढा, डीडीआर५ मधे चार काड्या पूर्ण वेगाने चालवणं खरंच अवघड आहे. दोन वेगवेगळे सेट एकत्र लावलेत? मॉडेल अगदी तेच असलं तरी ते एकमेकांबरोबर तपासलेले नसतात. बायॉस अपडेट करा, मग एक्सपो चालू करून वेग एक पायरी खाली ठेवा, बऱ्याच जणांचं गाडं इथेच मार्गी लागतं. आणि हो, डीडीआर५ वर सेटिंग बदलल्यानंतर पहिल्या वेळी बराच वेळ स्क्रीन काळी राहू शकते, रॅमचं ट्रेनिंग चालू असतं म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून पॉवर बटण दाबू नका.

स्टॉकवरही क्रॅश होत असेल तर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं टूल) टाकून त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू द्या, फुकटच्या आवृत्तीत चार पास होतात. एक जरी एरर आली तरी नापास, 'एकच तर आहे' असं इथे चालत नाही. मग एकेक काडी त्याच स्लॉटमधे लावून तपासा, आणि जी काडी पास होईल ती बाकीच्या स्लॉटमधे फिरवून बघा, म्हणजे दोष काडीत आहे की स्लॉटमधे ते कळतं. विंडोज परत टाकायचंच असेल तर ते यानंतरच टाका, कारण खराब रॅमवर टाकलेल्या नव्या विंडोजच्या फाइल्ससुद्धा लिहिताना बिघडू शकतात.

तापमान

एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं टूल) लावून लॉगिंग चालू ठेवा आणि खेळा, क्रॅश झाल्यावर फाइलची शेवटची ओळ बघा. रायझन ७००० मालिकेतले बरेच सीपीयू पूर्ण लोडला ९५ अंशांपर्यंत जातात ते मुळातच तसे बनवलेत, आणि १३व्या-१४व्या पिढीच्या इंटेलची मर्यादा १०० आहे, त्यामुळे आकडा बघून लगेच धसका घेऊ नका. पण सिनेबेंच (सीपीयूवर पूर्ण लोड टाकणारी टेस्ट) सुरू केल्या केल्या काही सेकंदांतच सीपीयू तिथे पोचत असेल तर कूलर नीट बसलेला नाही, किंवा खालची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहिली, किंवा लिक्विड कूलरचा पंप फिरत नाहीये. केसची बाजू उघडून खेळल्यावर क्रॅश थांबला तर हवा नीट खेळत नाहीये, पंख्यांच्या दिशा तपासा.

पॉवर सप्लाय आणि केबली

ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरती त्याच्या लिहिलेल्या वॉटपेक्षा बरीच जास्त वीज खेचतं, आणि जुना किंवा हलका एसएमपीएस नेमका तिथे गळपटतो. तपासायची सोपी रीत अशी, आफ्टरबर्नरमधे (ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगचं टूल) पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, एफपीएस ६० ला बांधा आणि तोच गेम खेळा. क्रॅश थांबला तर संशय एसएमपीएस, केबल आणि कार्ड या तिघांपुरता राहिला. मग एकटं प्राइम९५ (सीपीयूवर लोड टाकणारं), एकटं फरमार्क (कार्डावर लोड टाकणारं), आणि शेवटी दोन्ही एकत्र चालवा, तापमानावर नजर ठेवून. एकेकटे चालतात आणि एकत्र लावल्यावर पीसी बसतो, तर एसएमपीएस बदलून बघायलाच पाहिजे. मात्र फरमार्कचा लोड सपाट असतो आणि गेमचा वरखाली होणारा, त्यामुळे या टेस्टमधे पास झाला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही.

पण बदलायच्या आधी केबली बघा. ८ पिनच्या एका कनेक्टरचं माप १५० वॉट, स्लॉटमधून ७५ वॉट. कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलच्या दोन शेपट्या लावण्यापेक्षा दोन वेगळ्या केबली लावा. नवीन १६ पिनचा कनेक्टर पूर्ण आत गेलाय का ते उजेडात बघा, अर्धवट बसला तर तो तापून वितळू शकतो. सीपीयूची ८ पिनची केबल काढून परत दाबून बसवा. आणि हे मनापासून सांगतो, एका एसएमपीएसच्या मॉड्युलर केबली दुसऱ्याला लावू नका, एसएमपीएसकडच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि चुकीची केबल एसएसडी, बोर्ड क्षणात जाळते. एसएमपीएस उघडूही नका, प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमधे जीवघेणा चार्ज राहतो.

ग्राफिक्स कार्ड आणि सीपीयू

ड्रायव्हरवर संशय असेल तर सेफ मोडमधे डीडीयू (ड्रायव्हर पूर्ण पुसणारं टूल) चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि एकदा नवीन, एकदा मागची स्थिर आवृत्ती टाकून बघा. कार्ड रायझर केबलवर उभं लावलं असेल तर ते थेट स्लॉटमधे लावा, किंवा बायॉसमधे स्लॉट जेन ३ वर (पीसीआयईची जुनी, कमी वेगाची पिढी) आणा, कारण जेन ३ ची रायझर आणि जेन ४ चं कार्ड ही जोडी काळ्या स्क्रीनचं नेहमीचं कारण आहे. जमलं तर कार्ड ओळखीच्या कोणाच्या पीसीत लावून तोच गेम चालवा, यापेक्षा पक्की टेस्ट नाही.

तुमचा सीपीयू इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉपवाला असेल, खासकरून आय७ किंवा आय९, आणि शेडर कंपाइल होताना (गेम आपले ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम तयार करतो तेव्हा) गेम पडत असेल किंवा कार्डात भरपूर मेमरी असून 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' येत असेल, तर कार्ड नाही, सीपीयू तपासा. जास्त व्होल्टेजमुळे हे सीपीयू हळूहळू कमजोर होतात हे इंटेलने २०२४ मधे मान्य केलं, ऑगस्ट आणि सप्टेंबरमधे त्यावर मायक्रोकोड (बायॉस अपडेटमधून येणारी सीपीयूची दुरुस्ती) दिले आणि बाधित मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायॉस अपडेट लगेच करा, पण आधीच कमजोर झालेला सीपीयू अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फोमधे हेल्थ बघा आणि फर्मवेअर अपडेट करा, यापुढे तिथे फार वेळ घालवू नका.

तरीही सापडलं नाही तर

बोर्ड केसबाहेर काढा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा, आणि सीपीयू, कूलर, एक काडी, कार्ड, एक एसएसडी एवढंच लावून चालवा. केसमधे क्रॅश आणि बाहेर ठीक, तर बोर्डाखाली एखादा जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड केसवर टेकवायचा छोटा खुंट) किंवा सुटा स्क्रू टेकतोय, किंवा केसचं रीसेट बटण आतून शॉर्ट होतंय, त्याची वायर काढून ठेवली तरी पीसीचं काही अडत नाही. बाहेरही क्रॅश होत असेल तर एकेक पार्ट उसना आणून बदलत जा, एसएमपीएस आधी, बोर्ड शेवटी.

दोषी पार्ट सापडला की वॉरंटीला पाठवताना मेमटेस्टच्या एररचा फोटो, इव्हेंटच्या नोंदी आणि तुम्ही काय काय तपासलं ते तारखेसकट लिहून जोडा, 'पीसी बंद पडतो' एवढंच लिहिलं तर पार्ट 'दोष आढळला नाही' म्हणून परत येण्याची शक्यता जास्त. बोर्ड पाठवत असाल तर सीपीयू काढल्यावर सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण लावा आणि पिना सरळ आहेत याचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, कारण वाकलेली पिन दिसली तर वॉरंटी नाकारतात.