किनाऱ्यावरचं बारीक प्लास्टिक मोजायचं कसं

किनाऱ्यावर सफाई करणारे खूप असतात, मोजणारे कमी. गोळा झालेल्या पोत्यांचा आकडा फोटोसोबत छान दिसतो, पण गेल्या वर्षापेक्षा प्लास्टिक वाढलं की घटलं, हे त्यातून कधीच कळत नाही. दोन मोजण्यांची तुलना करायची तर जागा, भरतीची वेळ, खोली आणि चाळणी दर वेळी तीच हवी. इथे दिलेली पद्धत १ ते ५ मिलिमीटरच्या तुकड्यांसाठी आहे. त्याहून बारीक कण आणि कपड्यांतून सुटणारे धागे घरच्या साधनांनी मोजायच्या भानगडीत पडू नये. हवेतून पडणारे धागेच इतके असतात की समुद्राचे कुठले आणि खोलीतले कुठले, हे सांगता येत नाही.

लागणारं सामान: ५० सेंटिमीटर बाजूची लाकडी किंवा धातूची चौकट, सपाट पात्याचं खुरपं, मोजपट्टी, ५ मिमी आणि १ मिमी छिद्रांच्या धातूच्या चाळण्या, स्टीलची बादली आणि पळी, काचेच्या बरण्या, टोकदार चिमटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, वजनकाटा, जाडं मीठ. रंगीत प्लास्टिकची बादली वापरलीत तर तिचेच कुरतडलेले कण नमुन्यात येतात. नायलॉनची दोरी आणि फ्लीसचं जॅकेट घरी ठेवा. कपडे सुती असावेत.

कधी आणि कुठे

समुद्र सोडून गेलेल्या शेवाळ, काड्या आणि शिंपल्यांच्या पट्ट्याला भरतीरेषा म्हणू. किनाऱ्यावर अशा दोन-तीन रेषा असतात. सर्वांत खालची, ओलसर रेषा आजच्या भरतीची. वरची कोरडी रेषा मागच्या उधाणाची, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार वर चढत नाही आणि जुनी रेषा तशीच राहते. आज भांगाच्या दिवशी खालची रेषा मोजली आणि तीन महिन्यांनी उधाणाच्या दिवशी वरची, तर तो फरक समुद्राचा नसून चंद्राचा असतो. म्हणून एकच तिथी धरा: उधाण ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी, ओहोटीच्या वेळी, उधाणाने सोडलेल्या रेषेवर.

किनाऱ्याचा १०० मीटरचा पट्टा कायमचा ठरवून टाका, दोन्ही टोकांच्या खुणा लिहून ठेवा. त्यात पाच जागा घ्यायच्या, एकमेकींपासून किमान ५ मीटर लांब. त्या किनाऱ्यावर उभं राहून निवडू नयेत. डोळा आपोआप जिथे कचरा दिसतो तिथे जातो आणि आकडा फुगतो. घरीच ० ते १०० च्या चिठ्ठ्या करून पाच काढा आणि तेवढ्या मीटरवर चौकट ठेवा. तिथे काहीच दिसत नसलं तरी. शून्य हीसुद्धा नोंद आहे.

आदल्या दोन आठवड्यांत तिथे सफाई झाली असेल तर तारीख पुढे ढकला. कासवांची घरटी किंवा वाळूत अंडी घालणारे पक्षी असतील तर त्या हंगामात तिकडे फिरकूच नका.

वाळू काढणं

चौकट दाबून बसवा. आतलं सुकं शेवाळ हाताने उचलून चौकटीवरच झटका आणि शेजारी ठेवा. काम झाल्यावर ते परत जागेवर पसरायचं. त्या पट्ट्यात वाळूत उड्या मारणारे इवलेसे कवचधारी जीव राहतात, किनाऱ्यावरचे पक्षी त्यांच्यावर जगतात. दातेरी पंज्याने सगळा पट्टा ओढून 'स्वच्छ' केलेला किनारा दिसतो नीटनेटका, पण तिथे पक्ष्यांना खायला काही उरत नाही.

आता वरची ५ सेंटिमीटर वाळू काढा. कडेला मोजपट्टी रोवूनच. अंदाजाने खणलं की चार जागी ४ सेंमी आणि एका जागी ८ सेंमी होतं. एका चौकटीतून साडेबारा लिटर वाळू निघते, ओली असेल तर वजन वीस किलोच्या पुढे जातं. ती सगळी घरी नेण्यात अर्थ नाही. कोरडी वाळू तिथेच ५ मिमीच्या चाळणीतून काढा. वर राहिलेलं प्लास्टिक वेगळ्या बरणीत जातं. खालची वाळू १ मिमीच्या चाळणीतून काढा, चाळणीवर उरलेलं सगळं दुसऱ्या बरणीत भरा आणि गळालेली वाळू खड्ड्यात परत टाका. ओल्या वाळूने चाळणी दोन मिनिटांत चोंदते. मग बादलीत समुद्राचं पाणी घेऊन पाण्याखाली चाळणी हलवा. ते पाणी आधी सुती कापडातून गाळलेलं हवं, आणि चाळणीची कड पाण्याच्या वर राहायला हवी. कड बुडाली की तरंगणारे तुकडे बाहेर निसटतात.

वाळूच भरड, १ मिमीपेक्षा जाड असेल तर चाळणीवर सगळीच उरते. तेव्हा नीट मिसळून त्यातला ठरावीक भाग न्यावा लागतो. पण लक्षात ठेवा, साडेबारातला एक लिटर नेला तर सापडलेला प्रत्येक तुकडा साडेबाराने गुणला जातो. दोन तुकडे सापडले तर २५, तीन सापडले तर ३७-३८. एका तुकड्यावर एवढा फरक पडत असेल तर त्या आकड्यावर कोणी विसंबू नये. किमान पाच लिटर न्या.

मिठाच्या पाण्यात तरंगवणं

समुद्राच्या पाण्याची घनता (एका मिलिलिटरचं वजन, ग्रॅममध्ये) सुमारे १.०२५. पिशव्यांचं पॉलिथिलीन आणि झाकणांचं पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षाही हलकी, ०.९० ते ०.९७, ती कशावरही तरंगतात. न फुगवलेलं पॉलिस्टायरीन (फुगवलं की त्याचाच थर्माकोल होतो) १.०५ च्या आसपास आणि नायलॉन १.१४ च्या, म्हणजे साध्या पाण्यात बुडणारी. ती वर आणायला मीठ लागतं. एक लिटर कोमट पाण्यात ३६० ग्रॅम मीठ ढवळून विरघळवा आणि थंड होऊ द्या. तळाशी थोडं मीठ न विरघळता राहिलं तर उत्तम. अंडं तरंगलं म्हणजे झालं, असं समजू नका, ते खूप आधीच तरंगायला लागतं. १०० मिलिलिटर द्रावण मोजून वजन करा: १२० ग्रॅमच्या जवळ यायला हवं. ११५ आलं तर मीठ कमी आहे. मिठातही प्लास्टिकचे कण असतात आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेल्या पावडरीने पाणी गढूळ होतं, म्हणून वापरण्याआधी द्रावण गाळणकागदातून गाळून घ्या.

बरणीत एक भाग नमुना, तीन भाग द्रावण. दोन मिनिटं पळीने तळापासून ढवळा, झाकण लावा, पाणी निवळेपर्यंत थांबा. स्वच्छ वाळूला तासभर पुरतो, चिखल असेल तर रात्रभर ठेवावं लागतं. मग वरचं पाणी १ मिमीच्या चाळणीवर हलकेच ओता. बरणीच्या काचेला वर्तुळात चिकटून राहिलेले तुकडे हमखास सुटतात, ते द्रावणाचीच धार सोडून खाली उतरवा. हे तीनदा करायचं.

पाइपांचं पीव्हीसी आणि बाटल्यांचं पीईटी १.३ च्या पुढचं असतं, या द्रावणात ते वर येत नाही. झिंक क्लोराईडच्या जड द्रावणात येईल, पण ते कातडी भाजतं आणि पाण्यातल्या जीवांना विषारी आहे. प्रयोगशाळेबाहेर त्याच्या नादी लागू नका. किनाऱ्यावर त्यामुळे फार बिघडत नाही. झाकण लावलेली रिकामी बाटली हवेमुळे तरंगत येते, पण तिचे तुकडे झाले की ते समुद्राच्या तळाशी जातात.

पद्धत चालते की नाही हे तपासायला बाटलीच्या लाल झाकणाचे २ मिमीचे २० तुकडे कापा, स्वच्छ धुतलेल्या वाळूत मिसळा आणि हीच कृती करा. १७ पेक्षा कमी परत आले तर ढवळणं किंवा ओतणं चुकतंय. शिवाय प्रत्येक खेपेला एक रिकामी बरणी, नुसतं द्रावण घालून, सोबत ठेवा. तिच्यात जे सापडेल ते तुमच्या घरातलं.

ओळखणं

चिमट्याने दाबा. शिंपल्याचा कपचा कडकन तुटतो, शेवाळ चुरगळतं, प्लास्टिक वाकतं किंवा दबून परत येतं. भिंगाखाली पेशींची जाळी दिसली तर ते वनस्पतीचं. शंका राहिली तर सुईचं टोक लालबुंद तापवून टेकवा: प्लास्टिक वितळून खळगा पडतो, राळही वितळते पण तिला धुपासारखा वास येतो. खिडकी उघडी ठेवूनच हे करा.

सगळ्यांत सोपा ओळखायला तो कारखान्यातला दाणा. मसुराएवढा, गोल किंवा चपटा, पांढरा वा पारदर्शक. यापासूनच वस्तू ओतल्या जातात. मे २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' हे कंटेनर जहाज पेटलं तेव्हा सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात गेला. पिवळा पडलेला दाणा बहुधा जास्त दिवस तरंगलेला असतो आणि त्याने पाण्यातली पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांच्या तेलातलं), डीडीटी (कीटकनाशक) यांसारखी रसायनं शोषलेली असू शकतात, म्हणून पांढरे आणि पिवळे वेगळे मोजा. रसायनांसाठी कुणाकडे पाठवायचे असतील तर ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा.

बाकीचे प्रकार पाचच ठेवा: तुटके कठीण तुकडे, फिल्म, थर्माकोल, दोरी-जाळीचे दोरे, इतर. यादी वाढवली की दोन माणसं एकच तुकडा दोन रकान्यांत टाकतात.

प्रवाह आणि वारा यांचा हात

पाच चौकटी म्हणजे सव्वा चौरस मीटर. ७५ तुकडे सापडले तर दर चौरस मीटरला ६०. हा आकडा त्या किनाऱ्याने किती धरून ठेवलं ते सांगतो, समुद्रात किती आहे ते नाही. वादळात वर नवी वाळू साचली की जुनं प्लास्टिक तिच्याखाली गाडलं जातं आणि मोजणी घटते. म्हणून दर वेळी एका जागी हातभर खोल खड्डा करून कडेचे थर पाहावेत.

तुकडा आला कसा, याचा अंदाज त्याच्या तरंगण्यावरून लागतो. थर्माकोल आणि रिकाम्या बाटल्या पाण्यावर उंच राहतात, त्यांना वारा ढकलतो. थर्माकोल भरतीरेषेवर थांबतही नाही, मागच्या झुडपांत जाऊन अडकतो, तिथे वेगळं पाहा. पाण्यात अर्धवट बुडून येणारे तुकडे आणि जाळी प्रवाहाच्या मर्जीने चालतात. वरच्या थराचं पाणी वाऱ्याच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकतं, असा ढोबळ हिशेब आहे: सेकंदाला १० मीटर वारा दिवसभर टिकला तर सुमारे २६ किलोमीटर. मात्र वारा टिकत नाही, फिरतो. जानेवारी १९९२ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये जहाजावरून पडलेल्या २८,८०० खेळण्यांपैकी पहिली अलास्कातल्या सिटकाजवळ दहा महिन्यांनी लागली, सुमारे ३,२०० किलोमीटरवर. म्हणजे सरासरी दिवसाला दहा-अकरा किलोमीटर.

किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह मोजायला एक न सोललेलं संत्रं पुरे. सोललेलं बुडतं. ते पाण्यात जवळजवळ बुडूनच तरंगतं, वारा फारसा लागत नाही. वाळूवर ३० मीटरवर दोन काठ्या रोवा, लाटा फुटतात तिथे संत्रं टाका, वेळ लावा. १०० सेकंद लागले तर सेकंदाला ३० सेंटिमीटर. तीनदा टाका, कारण एखादं संत्रं किनाऱ्यापासून आत ओढलं जातं. तसं झालं तर ती जागा पोहण्याची नाही आणि ते आणायला मागे जायचंही नाही.

नोंदवहीत आकड्यांशेजारी तारीख, तिथी, भरतीची वेळ, तीन दिवसांतला वारा आणि दिशा, नदीला पूर आला होता का, एवढं लिहा. तुकडा देठावर वाढणाऱ्या, शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या जीवांनी (गूज बार्नेकल) मढलेला असेल तर तोही टिपा. तो काही आठवडे तरी खुल्या समुद्रात होता, आजच्या नाल्यातून आलेला नाही. वर्षातून चार वेळा मोजा, दर तीन महिन्यांनी. तुकडे काचेच्या कुपीत, चिठ्ठी आत टाकून ठेवा, कारण बाहेरची चिकटवलेली गळून पडते. चिठ्ठीवर पेन्सिलनेच लिहा. वापरलेलं मिठाचं द्रावण झाडांना घालू नका, गाळून पुढच्या खेपेला वापरता येतं. फक्त १०० मिलीचं वजन पुन्हा तपासून घ्या.