कोयत्याला जाताना पोटात बाळ असेल तर

मी बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड्यांच्या गावात आशा, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्य कार्यकर्ती आहे. दसरा-दिवाळी झाली की गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि आम्ही आशा-अंगणवाडीवाल्या उरतो. बाकी गाव कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकात, कोयत्याला म्हणजे ऊस तोडायला. गरोदर बाई गाडीत बसली की माझ्या वहीत तिच्या नावापुढं ‘स्थलांतरित’ लिहायचं आणि मार्चपर्यंत तिचे रकाने कोरे. तिकडच्या आशाच्या वहीत तर तिचं नावच नसतं. मधल्या चार-पाच महिन्यांत तिची तपासणी कशी करून घ्यायची, तेवढंच इथं सांगते. घरातला मोबाईल बहुतेक नवऱ्याकडं नाहीतर दिराकडं असतो, म्हणून वाचणारा गडी असला तरी त्यानं ‘हे बायकांचं आहे’ म्हणून सोडू नये.

आधी तारीख पक्की करा

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस हवा. ‘तारीख आठवत नाही’ हे उत्तर मी रोज ऐकते, पण तारीख नसली तरी सण आठवतो. नागपंचमीला वारुळाला जाता आलं नव्हतं, गौरी बसल्या तेव्हा बाहेर बसावं लागलं, एकादशीला देवळाच्या दारातूनच हात जोडले, असं काहीतरी निघतंच. अडवणूक झालेली बाई विसरत नाही. मग भिंतीवरचं कालनिर्णय काढायचं आणि तारीख शोधायची. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते.

समजा पाळी २० जुलैला आली होती. म्हणजे बाळंतपण २७ एप्रिलच्या आसपास. दिवाळीनंतर टोळी निघेल तेव्हा साधारण चौथा महिना चालू असेल आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, नववा लागेल. म्हणजे सरकारी हिशोबातल्या किमान चार तपासण्यांपैकी (पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४ आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर) दुसरी आणि तिसरी सरळ सरळ फडावर, म्हणजे तोड चालते त्या शेतात, येतात. बाळाचे अवयव बघायची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पहिला आठवडा. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत होते आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात, ती जानेवारीत. या तारखा नवऱ्याच्या मोबाईलमध्ये गजर लावून ठेवा. मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, हिशोबाच्या तारखा लक्षात राहतात, तशा ह्याही राहतील.

निघण्याआधी

पाळी चुकली की लगेच नोंदणी करा. ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ ही आपल्याकडची रीत मला माहीत आहे. शेजारणीला नका सांगू, पण आशाला सांगा. कारण धनुर्वाताचं टीडीचं इंजेक्शन दोनदा असतं आणि दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर लागतं. पहिलं उशिरा घेतलं तर दुसरं फडावर अडकतं. (गेल्या तीन वर्षांत आधीच्या बाळंतपणाला दोन्ही झाली असतील तर एक बूस्टर पुरतो.)

उपकेंद्रात गेलात की हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवीतलं अल्बुमिन आणि साखर, एचआयव्ही, गरमी म्हणजे सिफिलिस, कावीळ-बी, रक्तदाब, वजन, उंची एवढं झालंच पाहिजे, आणि झालेलं माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलंच पाहिजे. एका बाईचं कार्ड मी पाहिलं, त्यात प्रत्येक भेटीला वजन तेच! पोट दिसायला लागलं तरी आकडा हलत नाही, म्हणजे काटा वापरलाच नव्हता. तेव्हा काट्यावर उभं केल्याशिवाय आणि दंडाला पट्टा बांधल्याशिवाय उठू नका. ‘सिस्टर, बीपी राहिलं’ एवढं म्हणायला लाजू नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडून गरोदर बायांची मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची. जायच्या आधीची एक ९ तारीख गाठाच. तिथं कार्डावर लाल शिक्का लागला, म्हणजे आधीचं सिझर, जुळं, रक्तदाब, रक्त फार कमी किंवा असलं काही निघालं, तर त्या बाईनं फडावर जाऊ नये असं मी स्पष्ट सांगते. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी मोडते, मुकादम दारात येऊन बसतो, हे सगळं मला माहीत आहे. तरी सांगते. जाणं अगदीच टळत नसेल तर ऊसतोडीला नको, स्वयंपाकाला आणि पोरं सांभाळायला म्हणून जा, आणि कुठल्या दवाखान्यात बाळंतपण होईल ते डॉक्टरकडून आधीच लिहून घ्या.

पोरीचं वय अठराच्या आत असेल तर घरचे नोंदणीच टाळतात. चौकशी होते, भीती खोटी नाही. पण लहान अंगाच्या पोरीचं बाळंतपण जास्त धोक्याचं असतं, आणि तिलाच लपवून फडावर नेलं तर रात्री-अपरात्री काय करणार? दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. तिला दाखवाच.

सोबत न्यायचं ते असं: माता-बाल संरक्षण कार्ड, त्यावरचा बारा आकडी आरसीएच नंबर (सरकारी नोंदीतला तुमचा नंबर), आधार, बँक पासबुक, सोनोग्राफी झाली असेल तर तिचा कागद. कार्ड घरी सासूच्या पेटीत ठेवून जाऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांत ठेवा, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पाणी शिरतं. आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून मला, म्हणजे तुमच्या आशाला, व्हॉट्सॲपवर पाठवा. कार्ड भिजलं तर निदान माझ्याकडं असेल.

गोळ्यांचं

चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची लाल गोळी, १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डॉक्टर रोज दोन सांगतील. ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर भागत नाही, मोठ्या दवाखान्यात जावं लागतं. कॅल्शियम दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीबरोबर नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. जंताची एक गोळी चौथ्या महिन्यानंतर, सिस्टर देईल तेव्हा तिच्यासमोरच खा.

उपकेंद्रात एका वेळी महिन्याच्या गोळ्या देतात. ‘तोडीला चाललोय’ असं सांगून जास्तीच्या मागा. मी स्वतः सिस्टरकडं हट्ट धरते आणि बहुतेकदा मिळतात. कोपीत उंदीर असतात, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा.

‘गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं’, ‘बाळ काळं होतं’ हे सासू-नणंदा सांगतात. दोन्ही खोटं. शी काळी होते एवढं खरं, त्याला घाबरायचं नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या, वर लिंबू पिळलेलं पाणी प्या. गोळीवर चहा मात्र नको, लोह अंगाला लागत नाही. फडावर चहाशिवाय दिवस उगवत नाही, म्हणूनच रात्रीची वेळ बरी.

फडावर

पोचल्यावर पहिल्या आठवडे बाजाराला सरकारी दवाखाना कुठं आहे ते विचारून या. बाजाराच्या दिवशी तसंही गावात जायचं असतं, मुकादमाकडून बाजाराचे पैसे मिळालेले असतात, वेगळा खाडा पडत नाही. बायका तपासणीला जात नाहीत त्याला लोक अडाणीपणा म्हणतात. मला नाही पटत. खाडा पडला की पैसे कापले जातात आणि एका कोयत्यातला एक हात कमी झाला की दुसऱ्याचंही काम बसतं, खरं कारण ते आहे. म्हणून तपासणी बाजाराला जोडून घ्या आणि सकाळीच जा, ओपीडी सकाळची असते.

तिथल्या आशाला आणि अंगणवाडीताईला गाठा. ‘आम्ही इथले नाही’ म्हणून मागं राहू नका. गरोदर बाईला कुठल्याही गावच्या अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळू शकतो, सरकारी दवाखान्यात तपासणी कुठंही होते. कर्नाटकात गेलात तर तिथं ‘तायी कार्ड’ असतं. त्यांनी नवं करून दिलं तर घ्या, जुनं फेकू नका, दोन्ही एकत्र ठेवा.

कामाचं म्हणाल तर सातव्या महिन्यानंतर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं नाही. नवऱ्यांनो, हे तुम्हाला आहे. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे बांधणं, पाचट ओढणं ती करेल, फळी तुम्ही चढा. अन् पाणी! आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग लघवीला जळजळ, ताप, आणि त्यातून दिवस भरण्याआधी कळा येऊ शकतात. टोळीतल्या बायांनी मिळून एक जुनी साडी चार काठ्यांना बांधून आडोसा करा, पण पाणी प्या. जळजळ झाली तर लघवी तपासून घ्या, मेडिकलवाल्याची गोळी नको.

पुढचं काहीही दिसलं तर बाजाराची वाट बघायची नाही, १०८ ला फोन लावायचा: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, तोंडा-हातावर सूज, झटके, धाप लागणं, जोराचा ताप, बाळाची हालचाल कमी होणं. १०८ वाला पत्ता विचारतो तेव्हा ‘उसाच्या फडात’ म्हणून भागत नाही. म्हणून पोचल्याच्या दिवशीच गावाचं, शेतमालकाचं आणि जवळच्या रस्त्याचं नाव फोनमध्ये लिहून ठेवा.

सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते विचारू नका. सांगणाऱ्यावर आणि विचारणाऱ्यावर, दोघांवरही गुन्हा होतो.

पैसे आणि कागद

पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: ३००० नोंदणी आणि पाळीपासून सहा महिन्यांच्या आत एक तपासणी झाल्यावर, २००० बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लशी झाल्यावर. दुसरी मुलगी झाली तर ६००० एकदम. ई-श्रम कार्ड असेल तर पात्रता दाखवायला ते चालतं. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला दवाखान्यात बाळंतपण झालं की जननी सुरक्षेचे ७०० रुपये, सिझर असेल तर १५००. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण सगळं मोफत असतं. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

जमलं तर छत्तिसावा आठवडा लागायच्या आत गावाकडं या, पट्टा पडायची वाट बघू नका. तिकडंच बाळंतपण झालं तर जन्माची नोंद तिकडच्याच हद्दीत होते, २१ दिवसांच्या आत. दवाखान्यातून निघताना बाळाचा जन्मदाखला कुठून आणि कधी मिळेल ते विचारा आणि तो हातात घेऊनच गाडीत बसा. नाहीतर मातृवंदनेचा दुसरा हप्ता अडतो आणि एका कागदासाठी पुन्हा कोल्हापूरची एसटी धरावी लागते. बाळाला जन्मतः दिलेल्या लशी कार्डावर लिहिल्यात का तेही तिथंच बघून घ्या.