नावापुरती मालकीण नको : घरच्या उद्योगात अधिकार, वेतन आणि सचोटी कशी बसवावी

उद्यमबागेतील मशीनशॉप असो, वडगाव-शहापूरचे माग असोत किंवा निपाणीतील बिडीचा व्यवसाय असो, बेळगाव भागातील कितीतरी लहान उद्योग घरच्या माणसांच्या बळावर चालतात आणि त्यांतले काही कागदोपत्री पत्नीच्या, आईच्या किंवा सुनेच्या नावावर असतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेने महिलांसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची वाट उघडली, तेव्हा भागीदारी किंवा कंपनी असल्यास ५१ टक्के वाट्याबरोबर नियंत्रणही महिलेकडे असावे, अशी अट घातली होती. वाट्याची अट सगळे पाळतात. नियंत्रणाची अट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. उद्योगातील सचोटीचा विचार येथूनच सुरू करावा.

प्रथम एका वहीत महिनाभरातील निर्णयांची नोंद ठेवावी : कच्च्या मालाचा भाव कोणी ठरवला, कामगार कोणी नेमला, उधारी कोणी दिली, बँकेत कोण बोलले. प्रत्येक निर्णयासमोर तो प्रत्यक्ष घेणाऱ्याचे नाव लिहावे. महिनाअखेर मालकिणीचे नाव केवळ सह्यांपुरतेच आढळले, तर दोनच प्रामाणिक मार्ग उरतात. एक तर अधिकार तिच्याकडे सोपवावेत, नाही तर कागद बदलून खऱ्या चालकाला रीतसर भागीदार करावे. ‘घरात काय तुझे-माझे’ हे वाक्य जेवणाच्या पानावर शोभते, बँकेच्या कर्जखात्यावर नाही.

सर्वांत आधी मोडण्याची सवय म्हणजे कोऱ्या धनादेशांवर सह्या करून चेकबुक कपाटात ठेवणे. खात्यात शिल्लक नसल्यामुळे धनादेश परत आला, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली एकल मालकीच्या उद्योगात जबाबदारी ज्या मालकिणीची सही आहे तिच्यावर येते, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड अशी असू शकते. म्हणून रक्कम आणि नाव लिहिल्याशिवाय सही करायची नाही, हा नियम घरातील वडीलधाऱ्यांनाही लागू ठेवावा. सरकारी कागद कन्नडमध्ये आला आणि मालकिणीला तो वाचता येत नसेल, तर घाईने अंगठा किंवा सही न देता कन्नड जाणणाऱ्या विश्वासू व्यक्तीकडून तो पूर्ण वाचून घ्यावा आणि त्याचा मराठी सारांश फायलीत जोडावा.

नेतृत्वाच्या शैलीबाबत आपल्याकडे एक ठरीव समजूत आहे : बाई मायेने चालवते, पुरुष धाकाने. अॅलिस ईगली आणि ब्लेअर जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा स्त्रिया काहीशा अधिक सहभागी पद्धतीने निर्णय घेतात असे दिसले. परंतु ‘पुरुष कामाकडे पाहतात, स्त्रिया माणसांकडे’ हा अपेक्षित फरक प्रत्यक्ष संस्थांमध्ये आढळला नाही. तेव्हा शैली व्यक्तीच्या लिंगावरून न ठरवता कामावरून ठरवावी. फाउंड्रीत वितळलेला रस साच्यात ओतताना एकाचाच आदेश चालला पाहिजे; पाळ्या, रजा आणि मजुरीचे दर ठरवताना मात्र कामगारांना विचारूनच पुढे जावे. पुरुष कडक बोलला तर शिस्तीचा आणि बाई बोलली तर तोंडाळ, हा हिशेब निदान स्वतःच्या कारखान्यात बंद करावा.

वेतनात भेदभाव सहसा उघड नसतो. तो कामाच्या नावात लपतो. मागावर बसणाऱ्याला मजुरी मिळते, पण त्याच्यासाठी कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) भरणाऱ्या घरच्या बाईचे काम ‘हातभार’ म्हणून मोजलेच जात नाही. अशा कामाचा दर ठरवून तो वहीत वेगळा लिहावा. बिडीच्या व्यवसायात छाटीकडे विशेष लक्ष द्यावे : सदोष म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या कामगार महिलेसमोरच मोजाव्यात, कारण सांगावे, आणि ज्यांची मजुरी कापली त्या बिड्या विकून वर नफा कमावू नये. एकाच किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचे बंधन १९७६ च्या कायद्याने घातले आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही ते कायम ठेवले आहे.

दहा किंवा अधिक कामगार असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमावीच लागते. अध्यक्षपदी कामाच्या ठिकाणची वरिष्ठ महिला कर्मचारी असावी, निम्म्या तरी सदस्य महिला असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. कारखान्यात कधी पाऊलही न टाकणाऱ्या मालकाच्या भावजयीला अध्यक्ष करून भागत नाही. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, हे कामगारांना ठाऊक नसते. म्हणून सदस्यांची नावे आणि ही मुदत मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत हजेरीपटाजवळ लावावी. दहांपेक्षा कमी कामगार असल्यास तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तेव्हा त्या समितीचा पत्ताही त्याच फलकावर लिहावा.