अमेरिकेत नवीन आलात? फोनचं कनेक्शन घेण्याआधी हे वाचा

अमेरिकेत उतरल्यावर पहिल्या आठ दिवसांत बँक, घरमालक, कॉलेज, कंपनीचा एचआर असे सगळेच इथला फोन नंबर मागतात. त्या घाईत नवीन माणूस रूममेटने सांगितलेलं किंवा मॉलमधल्या दुकानात दिसलेलं पहिलं कनेक्शन घेऊन मोकळा होतो आणि मग वर्षानुवर्षं पैसे भरत राहतो. माझं सांगणं सरळ आहे. पहिलं वर्ष प्रीपेडवर काढा, फोन स्वतःचा वापरा आणि हप्त्यांच्या कुठल्याही योजनेत अडकू नका. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर, इथला सरकारी ओळख क्रमांक) नसला तरी प्रीपेड मिळतं. क्रेडिट चेक, म्हणजे तुमच्या उधारी फेडण्याच्या इतिहासाची तपासणी, होत नाही, आणि नको झालं की पुढच्या महिन्यात सोडता येतं.

आता "स्वस्त कंपनी की मोठी कंपनी" हा प्रश्न. देशभर पसरलेली मोठी नेटवर्क्स तीनच आहेत: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. स्प्रिंट हे चौथं होतं, ते २०२० मध्ये टी-मोबाइलमध्ये विलीन झालं. बाकीची बहुतेक सगळी नावं या तिघांचेच टॉवर वापरतात. व्हिजिबल व्हेरायझनच्या मालकीची आहे, क्रिकेट एटी अँड टीची, मेट्रो टी-मोबाइलची. मिंट मोबाइलही २०२४ पासून टी-मोबाइलकडेच आहे. टेलो आणि गूगल फाय टी-मोबाइलवर चालतात. यूएस मोबाइलमध्ये तिन्हींपैकी नेटवर्क निवडता येतं. घरच्या इंटरनेटसोबत एक्सफिनिटी किंवा स्पेक्ट्रम जी मोबाइल लाइन देतात, ती व्हेरायझनवर चालते. घरी त्यांचं इंटरनेट असेल तर तिचा भाव आवर्जून विचारा. म्हणून "स्वस्त कंपनीला रेंज नसते" हे आपल्या लोकांत सर्रास ऐकू येणारं वाक्य जसंच्या तसं घेऊ नका. मिंटला रेंज नसेल तर बहुतेक वेळा त्या जागी टी-मोबाइललाच रेंज नसते.

फरक पडतो तो रांगेत. टॉवरवर गर्दी झाली की नेटवर्क आधी आपल्या महागड्या प्लॅनच्या ग्राहकांचा डेटा सोडतं, स्वस्तवाल्यांचा मागे ठेवतं. तांत्रिक भाषेत रांगेच्या या क्रमांकाला क्यूसीआय म्हणतात. व्हेरायझनवर ८ म्हणजे पुढची रांग, ९ म्हणजे मागची. टॉवर मोकळा असेल तर दोघांनाही सारखाच वेग मिळतो, म्हणून दुपारी दोन वाजता स्पीड टेस्ट करून काहीच कळत नाही. फुटबॉल सामन्याचं स्टेडियम, संध्याकाळी सहाची लोकल ट्रेन, दिवाळी मेळ्याचा हॉल अशा ठिकाणी ते दिसतं. फोनवर पूर्ण चार दांड्या, वर ५जी लिहिलेलं, आणि तिकिटाचा क्यूआर कोड काही उघडत नाही. तिकीट आधीच फोनच्या वॉलेट ॲपमध्ये उतरवून ठेवलं की यातला अर्धा त्रास जातो. ज्याचं कामच गर्दीच्या जागी फोनवर चालतं, म्हणजे उबर चालवणारा किंवा घरपोच सामान देणारा, त्याने मात्र "प्रायॉरिटी डेटा" किंवा "प्रीमियम डेटा" असं स्पष्ट लिहिलेला प्लॅनच घ्यावा. तो व्हिजिबल आणि यूएस मोबाइलच्या वरच्या प्लॅनमध्येही मिळतो, त्यासाठी मोठ्या कंपनीत जावं लागत नाही.

भारतातून आणलेल्या फोनवर जरा जास्त लिहितो, कारण लोक दोष सिमला देतात आणि घोळ फोनमध्ये असतो.

भारतात विकले जाणारे बरेच अँड्रॉइड फोन तिथल्या बँडसाठी (नेटवर्क ज्या लहरींवर चालतं त्यांचे ठरावीक पट्टे) बनवलेले असतात: १, ३, ५, ८, ४०, ४१. इथे घराच्या भिंतींतून आत शिरणारी आणि लांबवर पोचणारी रेंज ६०० आणि ७०० मेगाहर्ट्झवर येते. टी-मोबाइलचे बँड ७१ आणि १२, व्हेरायझनचा १३, एटी अँड टीचे १२, १७ आणि १४. हे बँड फोनमध्ये नसतील तर रस्त्यावर नेट उत्तम चालतं आणि बेडरूममध्ये शिरलं की मरतं. त्याबरोबर २, ४ आणि ६६ हेही असायला हवेत, शहरातली बरीचशी रेंज त्यांच्यावर असते. फोनच्या पूर्ण मॉडेल नंबरावरून बँडची यादी तपासा. नुसत्या नावावरून तपासू नका, कारण एकाच नावाच्या फोनची भारतीय आणि अमेरिकन आवृत्ती वेगळी असते. आयफोनवाल्यांना ही अडचण कमी येते.

दुसरी गोष्ट कॉलची. तिन्ही कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. आता कॉल व्होल्टीवरूनच, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच होतात, आणि फोनमध्ये व्होल्टी असणं पुरेसं नाही, ते त्या कंपनीच्या नेटवर्कवर चालायला लागतं. एटी अँड टी याबाबतीत सगळ्यात कडक आहे. तिच्याकडे मान्य फोनची यादी आहे, आणि यादीबाहेरचा फोन सगळे बँड असूनही नाकारला जाऊ शकतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: नेट चालतं, व्हॉट्सॲप चालतं, पण साधा कॉल लागत नाही आणि आलेला कॉल थेट व्हॉइसमेलवर जातो. मुलाखतीचा फोन अशा वेळी हुकतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी *#०६# दाबा, आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) उतरवून घ्या आणि ज्या कंपनीचं सिम घेणार तिच्या साइटवर तो घालून बघा. फोन दोन सिमचा असेल तर दोन आयएमईआय दिसतील, दोन्ही तपासा. हे भारतात असतानाच करता येतं. भारतीय अँड्रॉइड फोन असेल तर बहुतेक वेळा टी-मोबाइलच्या टॉवरवरची कंपनी सगळ्यात कमी कटकटीची ठरते.

आता ती चूक, जी दर सेमिस्टरला नव्याने होताना दिसते. "फोन फ्री" ही पाटी.

फोन फ्री नसतो. समजा फोन १,०८० डॉलरचा आहे. तो तुमच्या नावावर ३६ महिन्यांच्या हप्त्यावर लावतात, महिना ३० डॉलर, आणि दर महिन्याच्या बिलात ३० डॉलरचं क्रेडिट, म्हणजे तेवढीच सूट, देतात. बिलावर शून्य दिसतं. पण चौदाव्या महिन्यानंतर सोडलंत तर पुढचं क्रेडिट बंद होतं आणि उरलेल्या २२ हप्त्यांचे ६६० डॉलर एकदम शेवटच्या बिलात येतात. कंपनी न सोडता नुसता स्वस्त प्लॅनवर उतरलात तरी पुष्कळ योजनांत क्रेडिट थांबतं. शिवाय अनेक राज्यांत विक्रीकर पहिल्याच दिवशी पूर्ण किमतीवर लागतो, वर ३५ डॉलर किंवा त्याहून जास्त ॲक्टिव्हेशन फी. आणि हे क्रेडिट मिळायला जो वरचा प्लॅन घ्यावा लागतो, तो एका लाइनीला कर धरून ७५-८० डॉलरच्या घरात जातो. तीच गरज प्रीपेडवर २५ डॉलरमध्ये भागते. महिन्याला ५० डॉलरचा फरक धरा, ३६ महिन्यांचे १,८०० होतात. त्यात तोच फोन रोख घेऊन ७२० डॉलर उरतात.

नवीन आलेल्याला हे विशेष महागात पडतं, कारण त्याचं इथलं राहणंच ३६ महिन्यांचं ठरलेलं नसतं. एमएस दोन वर्षांत संपतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. एटी अँड टी आणि टी-मोबाइल हप्ते फिटल्याशिवाय फोन अनलॉक करत नाहीत, म्हणजे परत जाताना तो फोन भारतात जिओ-एअरटेलच्या सिमवर चालणारही नाही. पैसे न भरता निघून गेलात तर थकबाकी वसुली कंपनीकडे जाते आणि क्रेडिट स्कोअर पडतो. मग पुन्हा इथे आल्यावर अपार्टमेंट मिळताना ते आडवं येतं. दुकानातला माणूस यातलं काही लपवत नाही, सगळं कागदावर असतं. पण सही करण्याआधी "मी दहा महिन्यांनी सोडलं तर किती भरावे लागतील?" हा एक प्रश्न विचाराच, आणि उत्तर आकड्यात घ्या.

याच्याच जोडीची दुसरी सवय म्हणजे पाच जणांचा एकत्र फॅमिली प्लॅन. चार-पाच लाइनी घेतल्या की एका लाइनीचा दर बराच खाली येतो हे खरं. पण खातं एकाच्या नावावर असतं, आणि बाकीचे चौघे तोंडी भरवशावर. एक जण दुसऱ्या राज्यात नोकरीला जातो, दुसरा फोन हप्त्यावर उचलतो, आणि पूर्ण बिलाला जबाबदार राहतो तो खातेदार. आपली माणसं पैशाचं तोंडावर बोलायला संकोचतात, त्यामुळे मैत्री आणि पैसे दोन्ही जातात. नवरा-बायको किंवा सख्खी भावंडं असाल तर खुशाल करा. रूममेटबरोबर करू नका.

कोणतं नेटवर्क घ्यायचं हे तुमचा पत्ता ठरवतो. दुसऱ्या शहरातल्या मित्राचा सल्ला इथे कामाचा नाही. एफसीसी या सरकारी दूरसंचार संस्थेच्या ब्रॉडबँड नकाशावर पत्ता घालून मोबाइल रेंज बघा, पण तो नकाशा बहुतांशी घराबाहेरची रेंज सांगतो. खरी परीक्षा घरात. बऱ्याच कंपन्या ई-सिमवर (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम) काही दिवसांची मोफत चाचणी देतात. जुनं सिम तसंच ठेवून दुसरं ई-सिम घाला आणि आठवडाभर चार जागा तपासा: झोपायची खोली, इमारतीचं तळघर किंवा लाँड्री, बस थांबा, ऑफिसमधली तुमची खुर्ची. संध्याकाळी सहा ते आठमध्ये तपासा. नुसता वेग पाहू नका, प्रत्येक ठिकाणाहून एक साधा कॉल लावा. घरात रेंज कमी पण वाय-फाय चांगलं असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. ते चालू करताना आपत्कालीन पत्ता विचारतात. तो खरा भरा आणि घर बदललं की बदला, कारण वाय-फायवरून ९११ हा आपत्कालीन नंबर लावला तर मदत त्या पत्त्यावर येऊ शकते.

राष्ट्रीय उद्यानात किंवा ओसाड हायवेवर स्वस्त कंपन्या खरोखर मागे पडतात. मोठ्या कंपनीच्या पोस्टपेड ग्राहकाला जिथे दुसऱ्याच्या टॉवरवर रोमिंग मिळतं, तिथे यांना अनेकदा मिळत नाही. यलोस्टोनला निघण्याआधी नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

"अनलिमिटेड" शब्दाने फसू नका. भारतात रोजचा कोटा असतो आणि रात्री बारा वाजता नवा मिळतो. इथे बहुतेक ठिकाणी महिन्याचा असतो. तो संपला की काही प्लॅनमध्ये वेग १२८ केबीपीएसवर येतो, त्यात नकाशाही नीट उघडत नाही. हॉटस्पॉटची मर्यादा वेगळी असते आणि व्हिडिओ बहुधा ४८०पीवर अडवलेला असतो. घरी आणि कॉलेजात वाय-फाय असेल तर पाच ते दहा जीबी पुष्कळ होतात. मोजक्या मिनिटांच्या प्लॅनमध्ये आलेल्या कॉलचीही मिनिटं कापली जातात, हे भारतातून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. मिंटसारख्या कंपन्या तीन, सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतात. पहिल्यांदा तीनच महिने घ्या आणि नूतनीकरणाचा दर आधी वाचा, तो पहिल्या ऑफरपेक्षा वेगळा असतो.

भारतातला नंबर बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, वैधता संपू देऊ नका आणि त्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा. इथल्या बँकेला मात्र खरा मोबाइल नंबर द्या, इंटरनेटवरचे नंबर काही बँका ओटीपीसाठी स्वीकारत नाहीत.

कंपनी बदलताना नंबर नेता येतो. जुनी लाइन आधी बंद करू नका, बंद केली की नंबर हातचा जाऊ शकतो. जुन्या कंपनीकडून अकाउंट नंबर आणि ट्रान्सफर पिन घ्या. अकाउंट नंबर म्हणजे तुमचा फोन नंबर नव्हे, बहुतेक पोर्ट इथेच फसतात. पिनसाठी एटी अँड टीवरून *७६७८ आणि व्हेरायझनवरून #७६७८ लावा. नंबर लॉक (नंबर दुसरीकडे जाऊ न देणारी सोय) चालू असेल तर काढा, जुन्या बिलावरचा झिपकोड तसाच द्या, आणि नवीन सिमवर कॉल, मेसेज, बँकेचा ओटीपी असं तिन्ही आल्यावरच जुन्या कंपनीचं ऑटो पे बंद करा.

मोठी कंपनी कधी घ्यावी? वर्षभर एका जागी स्थिरावलात, घरात तीन-चार लाइनी लागतात, ऑफिसकडून सवलत मिळते आणि कामासाठी गावोगाव फिरावं लागतं, तेव्हा जरूर घ्या. ऑटो पेची पूर्ण सूट बहुधा बँक खातं जोडल्यावरच मिळते. आणि तेव्हाही फोन आपलाच न्या.