नोकरी करून फ्रीलान्स काम करताय? टॅक्सच्या या चुका टाळा

दिवसा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत डिझाइनची नोकरी आणि संध्याकाळी शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग. कुणी ऑफिस सुटल्यावर मराठी-कन्नड अनुवाद करतं, कुणी टिळकवाडीत घरी बसून पुण्याच्या क्लायंटची वेबसाइट सांभाळतं. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात असं जोडकाम करणारी मंडळी आता बरीच आहेत. झोप मोडून मिळवलेला हा पैसा नुसत्या गैरसमजापायी व्याज-दंडात जाताना पाहून वाईट वाटतं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘क्लायंटनं दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स) कापलाय, आता काही देणं नाही’. फ्रीलान्सच्या पैशाला वेगळा दर नसतो. तो पगारात मिळवला जातो आणि टॅक्स एकूण बेरजेवर लागतो.

आर्थिक वर्ष 2025-26 आणि नवी कररचना धरून हिशेब मांडू. पगार 12 लाख. त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की उरले 11,25,000. करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत असल्यानं कंपनी एक रुपयाही कापत नाही. ड्रॉइंगचे वर्षभरात 4 लाख आले, क्लायंटनं 40,000 टीडीएस कापला. इंजिनिअरिंग कलम 44एडीएच्या (ठरावीक व्यवसायांना खर्चाचा हिशेब न मांडता निम्मं उत्पन्न दाखवू देणारी सवलत) यादीत असल्यानं त्यातले निम्मे, म्हणजे 2 लाख, उत्पन्न दाखवता येतात. बेरीज झाली 13,25,000. आता 12 लाखांपर्यंतची सूट गेली आणि टॅक्स 4 लाखांच्या पुढच्या प्रत्येक टप्प्यावर लागला: 78,750, सेस धरून 81,900. म्हणजे अजून 41,900 द्यायचे आहेत. क्लायंटनं हेच काम तांत्रिक सेवा धरून 2 टक्केच कापले असतील तर बाकी 73,900. टीडीएस जितका कमी, तितकी नंतरची बाकी मोठी.

पगारातून दरमहा 200 रुपये (फेब्रुवारीत 300) कापले जातात तो राज्याचा व्यवसाय कर. त्याचा इन्कम टॅक्सशी गोंधळ घालू नका.

आगाऊ कर विसरणे

टीडीएस वजा जाऊन बाकी 10,000 किंवा जास्त निघत असेल तर ती रिटर्नपर्यंत थांबवता येत नाही. 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत पूर्ण, असे हप्ते आहेत. 44एडीए घेणाऱ्यांना 15 मार्चचा एकच हप्ता पुरतो. चुकवलं तर महिना 1 टक्का व्याज.

मला यावर सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे ऑफिसातल्या अकाउंट्स विभागाला बाहेरचं उत्पन्न लेखी कळवणं. ते तेवढा टीडीएस पगारातून दरमहा कापतात, मार्चमध्ये धावपळ उरत नाही. अर्थात बाहेरच्या कामाला कंपनीची परवानगी आहे का, हे आधी पाहा. शाळेतल्या शिक्षकांना तर शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शिकवणीला मनाई आहे.

चलन भरताना वर्षाकडे नीट बघा. 1 एप्रिल 2026 पासून नव्या आयकर कायद्यात ‘कर वर्ष’ आलं आहे. 2025-26 ची बाकी भरायची तर असेसमेंट इयर (कमाईच्या पुढचं वर्ष) 2026-27 निवडायचं, आणि 2026-27 च्या कमाईचा आगाऊ कर भरायचा तर कर वर्ष 2026-27. आकडा तोच, पण वर्षं वेगळी. इथे चुकलं की भरलेले पैसे भलत्याच वर्षाच्या खाती पडतात.

फॉर्म आणि कररचना

फ्रीलान्सचा पैसा आला की आयटीआर-1 चालत नाही. आयटीआर-3, नाहीतर 44एडीए असेल तर आयटीआर-4. त्या सवलतीत निम्मं उत्पन्न दाखवल्यावर लॅपटॉप, इंटरनेटचा खर्च पुन्हा वजा करता येत नाही. अनुवाद आणि शिकवणी 44एडीएच्या यादीत नाहीत, त्यामुळे अनुवादकांनी डोळे झाकून निम्मं दाखवू नये. बिलं जपा आणि सीएला विचारा.

नुसत्या पगारदाराला नवी-जुनी कररचना दरवर्षी बदलता येते, तुम्हाला नाही. जुनी हवी तर मुदतीत फॉर्म 10-आयईए भरावा लागतो, आणि त्यातून नवीत परतलात की व्यवसायाचं उत्पन्न असेतोवर जुनीचं दार बंद.

सीमेपलीकडचा क्लायंट आणि जीएसटी

क्लायंट कोल्हापूरचा, म्हणजे दुसऱ्या राज्यातला, म्हणून लगेच जीएसटी नोंदणी लागते असं बरेच जण धरून चालतात. सेवेला 20 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, क्लायंट परराज्यातला असला तरी. पगार या 20 लाखांत मोजत नाहीत. मालाचं मात्र वेगळं आहे. शहापूर-वडगावच्या यंत्रमागावरची साडी ऑनलाइन महाराष्ट्रात विकायची तर बहुतेकदा पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, हे ध्यानात असू द्या. बायकोच्या किंवा वडिलांच्या खात्यावर पैसे मागवल्यानंही काही लपत नाही. काम ज्यानं केलं, उत्पन्न त्याचंच.

आधीच चुकलं असेल तर?

आयकर खात्याच्या पोर्टलवर एआयएस आणि 26एएस (तुमच्या नावावर नोंदलेलं उत्पन्न आणि कापलेला टॅक्स दाखवणारे तक्ते) उघडून प्रत्येक क्लायंटची नोंद तुमच्या बिलांशी ताडून पाहा. मुदत असेल तर सुधारित रिटर्न भरा. ती गेली असेल तर अपडेटेड रिटर्न असेसमेंट इयर संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत भरता येतं. त्यात टॅक्स आणि व्याजावर पहिल्या वर्षी 25 टक्के जादा, मग 50, 60 आणि 70. त्यातून रिफंड मात्र मागता येत नाही. ज्या वर्षी टीडीएस जास्त कापला गेलाय, त्या वर्षाचं रिटर्न मुदतीतच भरा.