घरचा फाइल सर्व्हर सारखा नेटवर्कवरून गायब होतोय? असं शोधा कुठे तुटतंय

फाइल सर्व्हरवर (घरातल्या सगळ्यांच्या फाइली एकत्र ठेवलेल्या कॉम्प्युटरवर) मोठी फाइल कॉपी होतेय, ६० टक्क्यांवर आली आणि मध्येच फोल्डर उघडेनासं झालं, दोन मिनिटांनी आपोआप परत दिसायला लागलं, असं आठवड्यातून चार-पाच वेळा व्हायला लागलं की माणूस वैतागून सरळ सर्व्हर रिस्टार्ट करतो. कृपा करून लगेच रिस्टार्ट करू नका. रिस्टार्टने तेवढ्यापुरतं चालू होतं पण नेमकं काय तुटलं होतं ते बघायची संधी हातातून जाते. आणि हा प्रॉब्लेम सुटेपर्यंत फाइली कट-पेस्ट अजिबात करू नका, फक्त कॉपी करा, फाइल तिकडे नीट उघडते हे बघा आणि मगच मूळ फाइल डिलीट करा. घरचे फोटो एकदा गेले की गेले.

पहिलं काम म्हणजे वेळ लिहून ठेवायची. प्रत्येक वेळी नेटवर्क तुटलं की किती वाजले होते आणि तेव्हा काय चालू होतं एवढंच लिहा, तीन-चार दिवसांत पॅटर्न दिसायला लागतो. बराच वेळ कोणी वापरलं नाही की सर्व्हर जातो, तर पॉवर सेव्हिंगवर संशय घ्या. मोठी कॉपी चालू असतानाच जातो, तर केबल, ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीतर गरम होणारा स्विच (एका केबलवर अनेक उपकरणं जोडणारा डबा). ठरावीक तासांनी जातो, तर आयपीची लीज (आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, राउटर तो ठरावीक मुदतीसाठी देतो ती लीज). घरात नवीन फोन किंवा लॅपटॉप आला की जातो, तर आयपीची टक्कर, म्हणजे दोन उपकरणांना एकच आयपी.

आता लॅपटॉपवर कमांडच्या दोन विंडो उघडा, एकीत राउटरला आणि दुसरीत सर्व्हरच्या आयपीला सतत पिंग लावून ठेवा, पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतंय का ते बघणारी कमांड (विंडोजमध्ये त्यासाठी मायनस टी, म्हणजे -t, जोडावं लागतं, लिनक्स आणि मॅकवर पिंग तसंही थांबवेपर्यंत चालूच राहतं). पुढच्या वेळी तुटलं की या विंडोंकडे बघा. दोन्ही पिंग बंद पडले तर सर्व्हरचा बहुतेक दोष नाही, तुमच्या लॅपटॉपचं वाय-फाय किंवा राउटरच गडबड करतोय. फक्त सर्व्हरचं बंद पडलं तर पुढे वाचा. आणि दोन्ही पिंग मस्त चालू आहेत पण फोल्डर उघडत नाही असं असेल तर नेटवर्क तुटलेलंच नाहीये, तेव्हा नावाऐवजी आयपी टाकून फोल्डर उघडून बघा, उघडलं तर नाव शोधण्यात घोळ आहे, नाहीच उघडलं तर शेअरिंगची सर्व्हिस किंवा झोपलेली हार्डडिस्क बघा, डिस्क पुन्हा फिरायला लागेपर्यंत काही सेकंद सगळं अडकल्यासारखं वाटतं. विंडोजवर शेअर असेल आणि जोडलेल्या ड्राइव्हवर नुसती लाल फुली दिसत असेल तर घाबरू नका, १५ मिनिटं वापर नसला की विंडोज ते कनेक्शन स्वतःच सोडतं, क्लिक केलं की परत जोडलं जातं.

केबलवर मात्र मी सगळ्यात जास्त भर देईन. माझ्याकडे सर्व्हरची केबल कपाटाच्या पायाखालून गेलेली होती, वरून एकदम ठणठणीत दिसायची, आणि मी तीन आठवडे सेटिंग बदलत बसलो. शेवटी लक्ष गेलं ते कॉपीच्या स्पीडकडे, आधी सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळायचा तो ११ वर आला होता. गिगाबिटला (१००० एमबीपीएस स्पीडला) केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात, म्हणून एखादी तार दबली की लिंक १०० वर उतरते, कधी परत १००० वर जायचा प्रयत्न करते, आणि प्रत्येक वेळी लिंक पडते. त्यामुळे नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड काय दाखवतोय ते आधी बघा. मग केबल बदला, निदान कॅट ५ई तरी घ्या, खटका तुटलेली केबल तर वापरूच नका, ती पोर्टमध्ये ढिली राहते. नवीन केबलनेही फरक पडला नाही तर राउटरचा पोर्ट बदला, मध्ये स्विच असेल तर तो काढून थेट जोडून बघा. सर्व्हर वाय-फायवर असेल तर बाकी काही करायच्या आधी त्याला केबल लावा.

पुढे आयपी. तुटलेलं असताना सर्व्हरला स्क्रीन लावता आली तर त्याचा पत्ता बघा, १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर त्याला राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही. लीज २४ तासांची असेल तर सर्व्हर साधारण १२ तासांनी ती वाढवून मागतो, उत्तर मिळालं नाही तर मागत राहतो आणि मुदत संपली की पत्ता सोडून देतो. टक्कर तपासायला सर्व्हरची केबल काढा आणि त्याच आयपीला पिंग करा, तरीही कोणी उत्तर देत असेल तर चोर सापडला. हाताने दिलेला आयपी राउटरच्या वाटपाच्या रेंजमधलाच असला की असं होतं. दोन्हीवर उपाय एकच, सर्व्हरवर आयपी ऑटोमॅटिक ठेवा आणि राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक अॅड्रेसला (नेटवर्क कार्डच्या ओळख क्रमांकाला) एक आयपी रिझर्व्ह करून टाका.

पॉवर सेव्हिंगचं काम पटकन होतं. स्लीप बंद करा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करायची परवानगी असते ती टिक काढा, आणि अॅडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट दिसलं तर तेही बंद करा. लिनक्सवर सर्व्हर असेल तर कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिंक डाउन, लिंक अप अशा ओळी शोधा, त्यांच्या वेळा तुमच्या नोंदीशी जुळल्या तर दोष केबल, पोर्ट, कार्ड किंवा ड्रायव्हरमध्येच आहे. अशा वेळी ड्रायव्हर अपडेट करा, तेवढ्याने भागलं नाही तर वेगळं नेटवर्क कार्ड लावून बघा.

एका वेळी एकच बदल करा आणि मग निदान दोन दिवस थांबा, सगळं एकदम बदललं तर कशाने सुटलं ते कळणारच नाही. सुटलंय असं वाटलं की रात्री २०-३० जीबीची कॉपी लावा, पिंग चालूच ठेवा आणि सकाळी पिंगचे किती पॅकेट (संदेश) हरवले ते बघा. केबलवर एकही हरवायला नको.